नोंद की कृती? : ब्राउझरमधील संश्लिष्ट ध्वनिपरिणामांच्या इतिहासाचा एक विचार

१

ध्वनी हा स्वभावतःच क्षणभंगुर आहे. त्यास काळाच्या ओघातून वाचवून दुसऱ्या प्रसंगी पुन्हा प्रकट करावयाचे, तर त्यासाठी मनुष्याने आजवर मुख्यतः दोन मार्ग अनुसरले आहेत. पहिला मार्ग नोंदीचा होय. झालेला ध्वनी जसाच्या तसा मुद्रित करून ठेवावयाचा आणि हवा तेव्हा वाजवावयाचा. दुसरा मार्ग कृतीचा. ध्वनी साठवावयाचाच नाही, तो कसा उत्पन्न करावा एवढेच लिहून ठेवावयाचे. १९०२ साली कलकत्त्यास गौहरजान यांचे गायन ग्रामोफोनच्या तबकडीसाठी मुद्रित करण्यात आले. विसाव्या शतकाच्या त्याच पूर्वार्धात पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी निरनिराळ्या घराण्यांतील बंदिशी मिळवून त्या स्वरलिपीत लिहिल्या व प्रसिद्ध केल्या. तबकडीत एका दिवसाचा एक कंठ राहिला. स्वरलिपीत कोणताच कंठ राहिला नाही. परंतु पुढील कोणत्याही कंठास गाता येईल असा आराखडा मात्र राहिला. संगीताच्या अभ्यासकास या दोन साधनांतील भेद नव्याने सांगावयास नको.

हाच भेद संगणकावरील ध्वनीसही लागू पडतो, आणि तेथे त्याचे परिणाम अधिक दूरवर पोहोचलेले दिसतात. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या एखाद्या खेळात नाणे उचलल्याचा, उडी मारल्याचा वा स्फोटाचा आवाज ऐकू येतो. हा आवाज मुद्रित ध्वनीच्या स्वरूपात आलेला असू शकतो, अथवा वीसपंचवीस आकड्यांच्या रूपाने येऊन ऐकणाऱ्याच्याच यंत्रावर त्या क्षणी निर्माण झालेला असू शकतो. दुसऱ्या प्रकारासाठी जे तयार आज्ञावलींचे संच वापरले जातात, त्यांना प्रचारात लायब्ररी असे नाव आहे.

या संश्लिष्ट ध्वनीविषयी सामान्यतः असे गृहीत धरले जाते की, तो दारिद्र्याचा उपाय होता. स्मरणशक्ती महाग होती तोवर यंत्रांनी आकड्यांवरून ध्वनी घडविला, ती स्वस्त होताच मुद्रित ध्वनीने त्याची जागा घेतली, आणि आता जे उरले आहे ते केवळ गतकाळाचे कौतुक. या समजुतीत सत्याचा अंश आहे. परंतु इतिहासाचा क्रम पाहता ती पुरेशी ठरत नाही. साठवण विपुल झाल्यानंतरच, म्हणजे २००७ नंतरच्या काळात, कृतीचा मार्ग नव्या जोमाने पुढे आला. तो का आला, आणि त्या मार्गाने जाणाऱ्या ध्वनीचे आयुष्य कोणाच्या हाती असते, हे दोन प्रश्न प्रस्तुत लेखाचा विषय आहेत.

२

ध्वनिपरिणाम हा प्रकार मुळात संश्लेषणाचाच आहे, ही गोष्ट प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. रंगभूमीवर मेघगर्जनेसाठी खरा मेघ कधीच आणता आला नाही. लोखंडी पत्रा हलवून गर्जना आणि ताणलेल्या कापडाखाली लाकडी चक्र फिरवून वारा उत्पन्न करण्याची युक्ती युरोपच्या नाट्यगृहांत विजेच्या पूर्वीपासून रूढ होती. पत्रा म्हणजे काही गर्जनेची नोंद नव्हे. ते गर्जना घडविण्याचे साधन होय. नाटकाच्या गरजेप्रमाणे ती गर्जना लांबविता येत असे, हळू करता येत असे, आणि नटाच्या वाक्याची वाट पाहत थांबविताही येत असे. मुद्रित ध्वनीस हा गुण सहजी साध्य नाही.

ध्वनिफितीचा प्रसार झाल्यावर पारडे नोंदीकडे झुकले. ब्रिटिश ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशनने १९५८ साली लंडनमधील मेडा व्हेल येथे रेडिओफोनिक वर्कशॉप स्थापन केले. डॅफ्नी ओरॅम आणि डेझमंड ब्रिस्को हे त्याचे आद्य प्रवर्तक होत. १९६३ मध्ये ‘डॉक्टर हू’ या दूरचित्रवाणी मालिकेतील कालयानाचा सुप्रसिद्ध ध्वनी ब्रायन हॉजसन यांनी घडविला, तो पियानोच्या जाड तारेवर घराची किल्ली घासून, आणि मिळालेल्या मुद्रणाची गती व दिशा बदलून. येथे कल्पकता अपूर्व आहे. पण तिचा अंतिम परिपाक म्हणजे एक ठराविक फीतच. त्या ध्वनीचे थोडे निराळे रूप हवे असल्यास फितीवर पुन्हा काम करावे लागे.

दुसऱ्या बाजूस, अमेरिकेत न्यू जर्सीमधील मरे हिल येथे बेल टेलिफोन प्रयोगशाळेत मॅक्स मॅथ्यूज यांनी १९५७ साली ‘म्युझिक’ नावाची आज्ञावली लिहिली. न्यूमन गटमन यांनी तिच्या साहाय्याने रचलेला ‘द सिल्व्हर स्केल’ हा तुकडा त्याच वर्षीच्या मे महिन्यात सिद्ध झाला. त्याची लांबी अवघी १७ सेकंद होती. गणना न्यूयॉर्कमधील आयबीएम ७०४ या संगणकावर करावी लागे, आणि आकड्यांनी भरलेली चुंबकीय फीत मरे हिल येथे आणून तिचे ध्वनीत रूपांतर करावे लागे. विचार आणि श्रवण यांच्यामध्ये असा एक प्रवासच होता.

मॅथ्यूज यांचे खरे कार्य १९६० च्या ‘म्युझिक ३’ या आवृत्तीत दिसते. ध्वनी घडविण्याची क्रिया त्यांनी लहान लहान घटकांत विभागली. एक घटक केवळ आंदोलन उत्पन्न करतो, दुसरा त्याची तीव्रता कमीअधिक करतो, तिसरा दोन प्रवाहांची बेरीज करतो. हे घटक एकमेकांस जोडून वादकाने स्वतःचे वाद्य बनवावयाचे, आणि मग त्या वाद्यास स्वर व काल यांची यादी द्यावयाची. १९६३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात लिहिताना त्यांनी असे प्रतिपादन केले की, ध्वनीचा उगम या नात्याने संगणकास तत्त्वतः मर्यादा नाही. मर्यादा आहे ती खर्चाची, आणि मानवी श्रवणाविषयीच्या आपल्या ज्ञानाची. जोडावयाच्या घटकांची ही कल्पना पुढे पन्नास वर्षांनी ब्राउझरमध्ये अवतरली. तिचे मूळ येथे आहे.

३

मॅथ्यूज यांच्या प्रयोगशाळेत कृतीचा मार्ग विपुलतेच्या आकांक्षेतून निघाला होता. करमणुकीच्या यंत्रांत मात्र तो टंचाईतूनच निघाला, हे मान्य केले पाहिजे. १९७२ मध्ये अटारी कंपनीसाठी ॲलन अल्कॉर्न यांनी ‘पाँग’ हा खेळ रचला. चेंडू हुकला की प्रेक्षकांचा गजर व्हावा अशी मालकांची इच्छा होती. तसे करण्यास यंत्रात ना जागा होती ना पैसा. अल्कॉर्न यांनी पडद्यावरील चित्र स्थिर राखण्यासाठी मंडलात आधीच फिरत असलेल्या संकेतांत योग्य कंप्रता शोधली आणि तीच ध्वनिक्षेपकास जोडली. जगभर ओळखला गेलेला तो ‘टक्’ ध्वनी असा चित्राच्या उरलेल्या सामग्रीतून जन्मला.

१९७८ च्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’ मध्ये तोमोहिरो निशिकादो यांनी चार खालच्या स्वरांचा अवरोही क्रम योजिला, व शत्रूची संख्या घटेल तसा तो द्रुत होत जाईल अशी व्यवस्था केली. ध्वनी येथे खेळाच्या स्थितीस प्रतिसाद देतो. पत्र्याच्या गर्जनेचा जुना गुण यंत्रात परत आला तो असा. १९८२ च्या कमोडोर ६४ या संगणकासाठी बॉब यानेस यांनी रचलेल्या ध्वनिचकतीत तीन स्वतंत्र स्वर, गाळणी, आणि ध्वनीच्या उदयापासून अस्तापर्यंतचा चढउतार ठरविण्याची सोय होती. निन्टेंडोच्या गृहयंत्रात दोन चौकोनी तरंग, एक त्रिकोणी तरंग, एक गोंगाट आणि अल्प मुद्रित ध्वनीसाठी एक वाट, एवढीच साधने होती. १९८५ च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ मधील नाण्याचा ध्वनी म्हणजे दोन स्वर. पहिला क्षणमात्र, आणि दुसरा त्याच्या वर, षड्जापासून शुद्ध मध्यमाच्या अंतरावर, हळूहळू विरणारा. कोणतेही खरे नाणे असे वाजत नाही. तरीही एका पिढीच्या कानास नाणे म्हणजे हाच ध्वनी झाला. टंचाईने येथे अनुकरण अशक्य केले, आणि अनुकरणाच्या जागी संकेत निर्माण झाला. भाषेत शब्द व अर्थ यांचा संबंध जसा रूढीने दृढ होतो, तसाच हा संबंध दृढ झाला.

१९९० च्या दशकात स्मरणशक्ती स्वस्त झाली, चकत्यांवर शेकडो मेगाबाइट मावू लागले, आणि खेळांतील ध्वनी बहुतांशी मुद्रित झाले. येथपर्यंत प्रचलित समजूत खरी ठरते. पुढील भाग तिच्यात बसत नाही.

४

वेबच्या आरंभीच्या काळात ब्राउझरला ध्वनी ठाऊक होता तो फाइल म्हणूनच. पान उघडताच वाजणाऱ्या मिडी रचना त्या दशकात लोकप्रिय होत्या. मिडी ही १९८३ सालची पद्धती वस्तुतः कृतीचीच. तिच्यात स्वरांची यादी असते, स्वर नसतात. परिणामी एकच रचना एका संगणकावर सुसह्य तर दुसऱ्यावर हास्यास्पद वाटे. कारण वाद्य हे ऐकणाऱ्याच्या यंत्रातील ध्वनिपट्टीवर अवलंबून होते. कृती उत्तम असली तरी आचारी कोण आहे यावर पक्वान्न ठरते, हा धडा येथे प्रथम मिळाला.

फ्लॅश या जोडआज्ञावलीने २००८ च्या दहाव्या आवृत्तीत लेखकास ध्वनीची नमुनामूल्ये स्वतः मोजून वाजविण्याची मुभा दिली. नमुनामूल्य म्हणजे एका क्षणी ध्वनितरंगाची उंची दाखविणारा आकडा. सेकंदास ४४,१०० असे आकडे दिले की कानास अखंड ध्वनी भासतो. पण फ्लॅश ब्राउझरमध्ये पाहुणा होता. घरच्या व्यवस्थेत ही सोय नव्हती. एचटीएमएल ५ मधील ध्वनीचा घटक लांबलेली गाणी वाजविण्यास पुरेसा होता. बंदुकीच्या गोळीस हवी असलेली तत्परता त्याच्या ठायी नव्हती.

ही उणीव दूर करण्याचे दोन प्रस्ताव २०१० च्या सुमारास पुढे आले, आणि त्यांच्यातील मतभेद या इतिहासाचा मर्मभाग होय. मोझिला संस्थेच्या वर्तुळात डेव्हिड हम्फ्री व त्यांचे सहकारी यांनी ‘ऑडिओ डेटा’ ही योजना सिद्ध केली. मार्च २०११ मध्ये आलेल्या फायरफॉक्स ४ मध्ये ती समाविष्ट झाली. तिचे तत्त्व साधे होते. ब्राउझरने लेखकास कच्ची नमुनामूल्ये वाचण्यालिहिण्याची वाट द्यावी. बाकी सर्व गणित लेखकाने जावास्क्रिप्ट भाषेत करावे. याउलट गूगलमधील ख्रिस रॉजर्स यांनी मांडलेल्या ‘वेब ऑडिओ’ योजनेत ब्राउझरनेच तयार घटक पुरवावयाचे होते. आंदोलक, तीव्रतानियंत्रक, गाळणी, विलंबक असे घटक लेखकाने एकमेकांस जोडावे, आणि त्यांचे गणित ब्राउझरने आपल्या अंतर्गत जलद यंत्रणेत करावे. मॅथ्यूज यांची १९६० ची कल्पना ती हीच.

दोन्ही पक्षांचे युक्तिवाद विचारार्ह होते. घटकांच्या समर्थकांचे म्हणणे असे की, जावास्क्रिप्टचा जो एकमेव प्रवाह पानावरील सर्व कामे सांभाळतो, त्याच्यावर ध्वनीचा भार टाकल्यास इतर कामांच्या गर्दीत ध्वनी तुटेल. आणि डोळा चुकलेले चित्र क्षमा करतो, पण कान तुटलेला ध्वनी क्षमा करीत नाही. कच्च्या मूल्यांच्या समर्थकांचे उत्तर असे की, घटकांची यादी कोणी ठरवावी? यादीत जे नाही ते लेखकास अप्राप्य होईल. शिवाय प्रत्येक घटकाचे वर्तन इतक्या काटेकोरपणे शब्दांत सांगावे लागेल, की दोन निरनिराळ्या ब्राउझरांतून एकच ध्वनी निघावा. आणि हे काम वाटते तितके सोपे नाही. ही शंका निराधार नव्हती. प्रमाणित यादीत ज्या (साइन), चौकोनी, करवती आणि त्रिकोणी असे चार तरंग आले. परंतु स्फोट, वारा, पाऊस यांचा पाया असलेला गोंगाट उत्पन्न करणारा घटक तीत आला नाही.

वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने या विषयासाठी २०११ मध्ये कार्यगट नेमला. डिसेंबर २०११ मध्ये वेब ऑडिओचा, तसेच मोझिलाच्या रॉबर्ट ओ’कॅलाहन यांच्या पर्यायी योजनेचा, असे दोन्ही मसुदे प्रसिद्ध झाले. निर्णय घटकांच्या बाजूने लागला. ऑक्टोबर २०१३ च्या फायरफॉक्स २५ मध्ये मोझिलानेही वेब ऑडिओ स्वीकारले, आणि १७ जून २०२१ रोजी त्यास अधिकृत शिफारशीचा दर्जा मिळाला. त्यातील गाळण्यांची सूत्रे रॉबर्ट ब्रिस्टो-जॉन्सन यांच्या एका संकलनावरून घेतलेली आहेत. ते संकलन ‘कुकबुक’, म्हणजे पाककृतींचे पुस्तक, या नावाने अभियंत्यांमध्ये आधीपासून प्रसिद्ध होते.

५

वाद असा निकालात निघाला खरा. परंतु पराभूत पक्षाचे तत्त्व नाहीसे झाले नाही. ते लहान लायब्ररींमध्ये जिवंत राहिले. हे कसे घडले ते पाहण्यासाठी २००७ सालाकडे वळावे लागते.

लुडम डेअर या स्पर्धेत ४८ तासांत एक संपूर्ण खेळ रचावयाचा असतो. डिसेंबर २००७ मधील दहाव्या स्पर्धेच्या वेळी स्वीडनमधील टोमास पेटरसन यांनी ‘एसएफएक्सआर’ ही लहानशी आज्ञावली लिहून सर्वांस खुली केली. ज्यांना ध्वनिशास्त्राचा गंध नाही अशा स्पर्धकांना दोन दिवसांच्या धावपळीत काही तरी आवाज मिळावा, एवढाच हेतू. तिच्या पडद्यावर नाणे, बंदूक, स्फोट, बळवृद्धी, आघात, उडी, निवड अशी बटणे होती. बटण दाबले की प्रत्येक वेळी त्या जातीचा एक नवा ध्वनी निघे.

या आज्ञावलीची रचना ऐतिहासिक दृष्टीने फार बोलकी आहे. ध्वनीचे वर्णन सुमारे दोन डझन आकड्यांत केलेले असते. तरंगाचा प्रकार, आरंभीची कंप्रता, ती चढावी की उतरावी आणि किती वेगाने, ध्वनीचा उदय, स्थिती व अस्त यांचे काळ, कंपनाची खोली, मध्येच स्वर बदलण्याचा क्षण, गाळण्यांच्या मर्यादा, इत्यादी. ‘उडी’ म्हणजे वर सरकणारा चौकोनी तरंग. ‘बंदूक’ म्हणजे झपाट्याने खाली घसरणारी कंप्रता. ‘स्फोट’ म्हणजे हळूहळू विरणारा गोंगाट. ‘नाणे’ म्हणजे वरच्या पट्टीतील स्वर, आणि बहुधा क्षणभराने त्याहून वर घेतलेली झेप. प्रत्येक बटणामागे ठराविक आकडे नसून आकड्यांच्या मर्यादा आहेत, आणि त्या मर्यादांत यदृच्छेने निवड केली जाते. १९८० च्या दशकातील यंत्रांनी टंचाईपायी जे संकेत रूढ केले, त्यांचे हे एक प्रकारचे व्याकरणच होय. शब्दकोश साठविण्याऐवजी पेटरसन यांनी शब्दसिद्धीचे नियम लिहिले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

मूळ आज्ञावली सी++ भाषेत होती. टॉमस व्हिअन यांनी ती फ्लॅशच्या भाषेत आणली, स्टीफन लॅव्हेल यांनी ‘बीएफएक्सआर’ या नावाने तिचा विस्तार केला, आणि पुढे ‘जेएसएफएक्सआर’ या नावाने ती जावास्क्रिप्टमध्ये उतरली. आरंभीच्या जावास्क्रिप्ट आवृत्त्यांची युक्ती लक्षणीय होती. त्या सर्व नमुनामूल्ये स्वतःच मोजत, त्यांची संपूर्ण वेव्ह फाइल स्मरणात बांधत, ती अक्षरांत गुंफून ब्राउझरच्या ध्वनिघटकापुढे ठेवत, आणि ती बाहेरून आलेली फाइल आहे असे समजून ब्राउझर ती वाजवी. कृतीने नोंदीचा वेष घेऊन प्रवेश मिळविला.

२०१२ पासून भरणाऱ्या ‘जेएस१३के’ या स्पर्धेने या लायब्ररींना निश्चित प्रयोजन दिले. आंद्झेय माझुर यांनी सुरू केलेल्या या स्पर्धेत चित्र, ध्वनी, नियम यांसह संपूर्ण खेळ संपीडित होऊन १३ किलोबाइटांत, म्हणजे १३,३१२ बाइटांत, बसावा लागतो. सेकंदास ४४,१०० नमुने आणि प्रत्येक नमुन्यास दोन बाइट धरल्यास एका सेकंदाच्या असंपीडित एकपदरी ध्वनीस ८८,२०० बाइट लागतात. अर्थात सारी मर्यादा खर्ची घालूनही अशा ध्वनीचा सेकंदाचा जेमतेम सातवा हिस्सा मावेल. २०१९ मध्ये फ्रँक फोर्स यांनी प्रसिद्ध केलेली ‘झेडझेडएफएक्स’ ही लायब्ररी संपीडित स्थितीत एक किलोबाइटाहून लहान आहे, आणि तिच्यात प्रत्येक ध्वनी म्हणजे सुमारे वीस आकड्यांची एक ओळ. मूळ मांडणीतच कंप्रतेत पाच टक्क्यांपर्यंत यदृच्छेचा अंश ठेवलेला असल्यामुळे तेच पाऊल दोनदा तंतोतंत सारखे वाजत नाही.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. ही लायब्ररी वेब ऑडिओचा उपयोग करते. पण त्यातील आंदोलक वा गाळणी यांना हात लावीत नाही. सर्व नमुनामूल्ये ती स्वतः मोजते व पूर्ण झालेली रांग वाजविण्यापुरती ब्राउझरच्या स्वाधीन करते. म्हणजे हम्फ्री आदींच्या पक्षाचे तत्त्व तिने प्रतिपक्षाच्या घरात राहून पाळले. उलट योतम मान यांची २०१४ पासूनची ‘टोन’ ही मोठी लायब्ररी घटकांच्या जोडणीवर उभी आहे, आणि दीर्घ संगीतरचनेस ती अधिक सोयीची आहे. प्रमाणकर्त्यांनीही अखेर दोन्ही मते जवळ आणली. २०१८ मध्ये क्रोम ६६ बरोबर आलेल्या ‘ऑडिओ वर्कलेट’ मुळे लेखकाने लिहिलेले गणित ध्वनीच्या स्वतंत्र प्रवाहात, १२८ नमुन्यांच्या लहान तुकड्यांनी, चालविता येऊ लागले. २०१० साली जे परस्परविरुद्ध वाटले होते, ते आठ वर्षांनी एकाच व्यवस्थेचे दोन भाग झाले.

टंचाई ही या पुनरागमनाचे एकमेव कारण नव्हे, हे आता स्पष्ट व्हावे. १३ किलोबाइटांची मर्यादा निसर्गाने घातलेली नाही. ती स्वेच्छेने पत्करलेली आहे. अँडी फार्नेल यांनी २०१० च्या ‘डिझाइनिंग साउंड’ या ग्रंथात अग्नी, पाऊस, पदरव यांसारखे ध्वनी केवळ गणिती प्रक्रियेतून घडविण्याची रीत सविस्तर मांडली, तीही विपुल साठवणीच्या काळात. तिच्यामागील विचार असा की, मुद्रित ध्वनी एका घटनेचा साक्षीदार असतो, तर प्रक्रिया ही सर्व संभाव्य घटनांना उत्तर देऊ शकते. वेग वाढला, आघात मंदावला, पृष्ठभाग बदलला, तर कृतीतील एक आकडा बदलतो. नोंदीस मात्र नवी नोंद हवी.

६

आतापर्यंतच्या विवेचनावरून कृतीची बाजू वरचढ भासेल. म्हणून तिची दुर्बलता दाखविणाऱ्या एका प्रसंगाचा विचार अवश्य आहे.

पान उघडताच मोठ्याने वाजू लागणाऱ्या चित्रफिती व जाहिराती यांनी वाचक त्रस्त झाले होते. त्यावर उपाय म्हणून एप्रिल २०१८ मध्ये क्रोम ब्राउझरने असा नियम केला की, वाचकाने पानावर कळ वा बटण दाबून काही क्रिया केल्याशिवाय ध्वनी सुरू होऊ नये. हेतू निःसंशय चांगला होता. परंतु वेब ऑडिओ वापरणारी पुष्कळ जुनी पाने आपली ध्वनियंत्रणा आरंभीच उभी करून ठेवीत. नव्या नियमाप्रमाणे ती यंत्रणा स्थगित अवस्थेत जन्मास येऊ लागली, आणि तिला पुन्हा जागे करण्याची आज्ञा त्या पानांत लिहिलेलीच नव्हती. अनेक खेळ व ध्वनिकलाकृती एका रात्रीत मुक्या झाल्या. ज्यांचे लेखक जागरूक होते त्यांनी दुरुस्ती केली. ज्यांचे लेखक दुसऱ्या उद्योगास लागले होते वा हयात नव्हते, त्यांचे काय? लेखकवर्गाने तक्रार केल्यावर मे २०१८ मध्ये वेब ऑडिओपुरता हा नियम मागे घेण्यात आला, आणि डिसेंबर २०१८ च्या क्रोम ७१ मध्ये तो काही सवलतींसह पुन्हा लागू झाला. वाचकाने पानाशी व्यवहार केल्यानंतर ध्वनी वाजविण्याचा प्रयत्न झाल्यास यंत्रणा आपोआप जागी व्हावी, ही त्यांतील मुख्य सवलत होती. तिच्यामुळे बरीच जुनी पाने वाचली.

या प्रसंगी कृतीतील एक अक्षरही बदललेले नव्हते. बदलला होता तो ती वाचणारा. स्वरलिपी शाबूत आहे, पण गायकाच्या दारावर पहारा बसला, अशी ही अवस्था होती. मिडीच्या काळी ध्वनिपट्टी भिन्न असल्याने रचना बिघडत असे. येथे धोरण भिन्न झाल्याने ती नाहीशीच झाली. मुद्रित ध्वनीलाही हाच नियम लागू होता, हे खरे. पण मुद्रित फाइल ब्राउझरमधून काढून अन्य यंत्रावर वाजविता येते. कृतीस वाचक लागतोच. ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅशचा आधार संपला, तेव्हाही हेच सत्य पुन्हा दिसून आले.

तथापि त्याच घटनेत दुसरी बाजूही आहे. फ्लॅश गेला, पण एसएफएक्सआर गेले नाही. त्याचे मूळ सूत्र खुले होते, वाचनीय होते, आणि एका भाषेतून दुसऱ्या भाषेत नेता येण्याइतके लहान होते. सी++, फ्लॅश, जावास्क्रिप्ट असे देहांतर करीत ते टिकले. ज्या लायब्ररी स्वतःचे गणित स्वतः करतात, त्यांना ब्राउझरकडून केवळ वाजविण्याची अपेक्षा असते. म्हणून त्यांचे देहांतर सुलभ. ज्या ब्राउझरच्या घटकांवर विसंबतात, त्यांचे भवितव्य त्या घटकांच्या प्रमाणाशी बांधलेले. २०१० च्या वादातील तांत्रिक वाटणारा प्रश्न हा मुळात या परावलंबनाचा प्रश्न होता. घटकांची यादी ज्याच्या हाती, त्याच्या हाती ध्वनीच्या आयुष्याचाही काही भाग जातो, ही गोष्ट त्या वेळी थोड्यांच्याच ध्यानात आली होती.

७

एकंदर विवेचनातून दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा की, संश्लिष्ट ध्वनिपरिणाम हा टंचाईचा अवशेष आहे ही समजूत सुधारून घेतली पाहिजे. टंचाईने त्याचे संकेत घडविले. परंतु त्याचे पुनरुज्जीवन झाले ते प्रतिसादक्षमता, विविधता आणि संक्षेप या त्याच्या स्वतःच्या गुणांमुळे. मॅथ्यूज यांची प्रयोगशाळा आणि अल्कॉर्न यांचे मंडल, म्हणजे विपुलतेची आकांक्षा आणि अभावातील युक्ती, असे दोन वेगळे प्रवाह ब्राउझरमध्ये येऊन मिळाले.

दुसरा निष्कर्ष संग्राहकांसाठी व इतिहासाच्या अभ्यासकांसाठी आहे. अशा ध्वनीचे जतन करावयाचे तर केवळ कृती जपून भागणार नाही, आणि केवळ मुद्रणानेही भागणार नाही. मुद्रणावरून तो ध्वनी एकदा कसा वाजला एवढे कळते. तो किती प्रकारांनी वाजू शकत होता हे कळत नाही. कृतीवरून त्याच्या सर्व शक्यता कळतात. पण ती वाचणारे यंत्र बदलले वा नाहीसे झाले की प्रत्यक्ष ऐकू काय येत होते याचा पुरावा उरत नाही. म्हणून आकड्यांची ओळ, ती वाचणारी लायब्ररी, आणि त्या काळच्या ब्राउझरवर केलेले एक तरी मुद्रण, ही तिन्ही एकत्र राखली पाहिजेत. भातखंडे यांची स्वरलिपी वाचताना ज्यास त्या परंपरेतील गायन ऐकावयास मिळाले आहे, त्यास तिचा अर्थ अधिक कळतो. आणि तबकडी ऐकताना ज्याच्यापुढे स्वरलिपी आहे, त्यास गायकाने कोठे स्वातंत्र्य घेतले ते दिसते. खेळातील नाण्याच्या क्षणभराच्या ध्वनीसही हाच न्याय लागू आहे.